मावतील तेवढेच

१

देवरावाची सकाळ माशांनी उजाडायची. घोटभर चहा पोटात गेला की तो परसातल्या हौदाशी उकिडवा बसे, मच्छरदाणीच्या कापडाची जाळी पाण्यात सोडी आणि बोटाच्या पेराएवढे गप्पी मासे डब्यात भरून घेई. नोकरी मलेरिया खात्यातली. शहरातल्या ज्या विहिरीत, ज्या हौदात डासांच्या अळ्या वळवळताना दिसतील तिथं मूठभर मासे सोडायचे. पुढचं काम मासेच करतात. खात्याची टाकी गळकी होती, म्हणून देवरावानं घरचाच हौद माशांचं कोठार करून टाकला होता. त्यावरून सखू, त्याची बायको, रोज नाक मुरडायची. धुण्याभांड्याचं पाणी गाळून घ्यावं लागायचं ना!

सहा वर्षांची सरोज मात्र त्या माशांवर जीव टाकायची. प्रत्येक माशाला तिनं नाव दिलं होतं, आणि कोळशानं हौदाच्या काठावर त्यांची चित्रं काढून ठेवली होती. देवराव तिला समजावून सांगायचा.

"हौद जेवढा, मासे तेवढेच राहतात, सरू. कितीबी सोड. खायला पुरंल तेवढे जगतात. बाकीचे मरतात, नाहीतर मोठे मासे बारक्यांना गिळतात. आज काढले तर थोड्या दिवसांनी पुन्हा तेवढेच होतात."

"कोण मोजतं त्यांना?"

"कुणी मोजत नाही गं. आपोआप."

हा 'आपोआप' त्याचा लाडका शब्द होता. गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन तो दीक्षा घेऊन आला, तेव्हापासून देव, भुतं, नवस, अंगारे यांच्याशी त्यानं काडीमोड घेतला होता. आईची, केसरबाईची, समजूत घालून तिचे देव त्यानंच मुशी नदीच्या पात्रात सोडले होते. जे मोजता येतं ते खरं. बाकीचं बोलाचीच कढी.

घर चिक्कडपल्लीत. ते मिळालं याचं त्याला अजून नवल वाटे. हैदराबाद राज्याचे नुकतेच तीन तुकडे झाले होते. कर्नूलहून आलेले तेलुगु कारकून ट्रंका घेऊन गल्लीगल्लीत घरं शोधत होते. आणि त्या गर्दीत देवराव! मालक आधी आडनाव विचारत, मग गाव विचारत, आणि मग खोली कालच गेली म्हणून सांगत. समोरच्या घरात राहणारी मालकीण हाजराबी तेवढी वेगळी निघाली. तिनं यातलं काहीच विचारलं नाही.

"घर में कित्ते जने?" एवढंच तिनं विचारलं होतं.

त्यानं एकेक नाव सांगितलं तशी ती हाताचं एकेक बोट मिटत गेली. मूठ बंद झाली. "बस. इससे ज्यास्ती नक्को," ती म्हणाली आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली. माणुसकी अजून शिल्लक आहे, असं म्हणत देवराव घरी आला होता.

२

घराची पहिली खोड सापडली ती हौदात.

खात्याच्या दुसऱ्या कोठारातले उरलेले मासे एका संध्याकाळी त्याच्याकडे आले. ठेवणार कुठं? त्यानं घरच्या हौदात ओतले. सकाळी उठताना त्याची तयारी होती की मेलेले मासे पोट वर करून तरंगत असतील. गर्दी झाली की असंच होतं. बाकी प्रत्येक हौदात झालेलं त्यानं पाहिलं होतं.

हौद स्वच्छ होता. एक मेलेला मासा नाही, काठावर खवला नाही. आणि जाळी फिरवून अंदाज घेतला तर मासे पूर्वीइतकेच. कावळ्यांनी नेले असतील म्हणावं तर हौदावर तारेची जाळी. मांजरानं नेले असतील म्हणावं तर मांजर काही मोजून खात नाही.

सरोज काठावर बसून आपल्या चित्रांवर पुन्हा कोळसा फिरवत होती. एका चित्रापाशी तिचा हात थांबला. फाटक्या शेपटीचा मासा होता, पाठीवर ठिपका.

"हा कोण गं?" देवरावानं विचारलं.

"काय माहीत."

"तूच काढलाय ना?"

"मीच काढलाय. पण असला मासा आपल्याकडं नव्हताच, बाबा." ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलताना तिची बोटं झग्याशी चाळा करीत, तशी करीत नव्हती.

"विसरली असशील," म्हणून देवराव हसला आणि डबा सायकलला अडकवून निघाला. फाटक्या शेपटीचा मासा आपल्यालाही आठवत नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

३

थंडी सरता सरता सखू सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगा झाला. बाळ-बाळंतीण घरी आली तेव्हा केसरबाईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. एरवी देवराव यावर अर्धा तास बोलला असता, पण त्या दिवशी तो नुसता हसला. घरात आनंद मावत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो कामावर निघाला आणि सायकलवर टांग टाकताच त्याचा तोल गेला. पाय पायडलला पुरेना. बसायची गादी कुणीतरी चांगली चार बोटं वर चढवून ठेवली होती.

"सायकलला कुणी हात लावला?" त्यानं आत येऊन विचारलं. कुणीच लावला नव्हता. लावणार तरी कोण? घरात दोन बायका, एक पोर आणि एक तान्हं.

तेव्हा त्याला दाराशी चपला दिसल्या. पुरुषाच्या, लांबलचक, त्याच्या पायाच्या दीडपट. तेल लावून मऊ केलेल्या. कुणी पाहुणा विसरला म्हणावं, तर पाहुणा काय अनवाणी गेला? सखूनं बाजेवरूनच हात लांब करून एक चप्पल उचलली. तिचा अंगठा तुटून पुन्हा शिवलेला होता, निळ्या दोऱ्यानं.

"टाका माझाच हाय," ती हळूच म्हणाली. "असा दुहेरी टाका मीच घालते. पर आवं, म्या हा कुणासाठी घातला?"

केसरबाई चुलीपाशी होती. तिच्यापुढं भाकरींची चवड उभी राहिली होती.

"आई, एवढ्या भाकरी कुणाला?"

केसरबाईनं चवडीकडं पाहिलं, जशी काही ती दुसऱ्याच कुणी थापली होती. "हात चालत गेला बघ," ती म्हणाली. मग तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि ती रडायला लागली. बाळंतिणीच्या घरात रडू नये हे तिलाही कळत होतं, पण रडू थांबेना. "कुणी गेल्यावानी वाटतंय रं. सकाळधरनं पोटात नुसतं तुटतंय."

"कुणी गेलं नाही, आई. उलट आलंय," देवराव म्हणाला. त्याचं म्हणणं बरोबर होतं, तरी त्याला ते बोलताना धीर वाटला नाही.

४

पेढे द्यायला तो हाजराबीकडं गेला. म्हातारी खिडकीशी बसलेली असे, तिथंच होती.

"लडका? मुबारक," तिनं पेढा हातात घेतला. मग डोळे बारीक करून म्हणाली, "और वो तुम्हारा भाई कां है? लंबा लडका. गली में सायकल चलाता था. दो दिन से दिखा नै."

"मला भाऊ नाही, बी."

"नै?"

"नाही. आईला मी एकटाच."

हाजराबीनं पेढा खाल्ला नाही. तो तिनं खिडकीच्या चौकटीवर ठेवला, आपला हात त्याच्यासमोर धरला आणि एकेक बोट मिटत पुन्हा मूठ बंद केली. "मैं बोली थी तुमना," ती म्हणाली. आणि तिनं खिडकी लावून घेतली.

देवराव गल्लीत उभाच राहिला. आई, सखू, सरोज, मी. चार. घर घेतलं तेव्हाही हीच चार नावं त्यानं सांगितली असणार. मग म्हातारीची मूठ पुरी बंद कशी झाली होती? मिटलेला अंगठा त्याला स्वच्छ आठवत होता. पाचवं नाव त्यानंच सांगितलं होतं. कुणाचं?

सायकलची गादी, चपला, भाकरी, आणि कोळशाचा तो मासा, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं. घरात पाच मावतात. बाळ आलं, आणि कुणीतरी गेलं. मेलं नाही, नुसतं गेलं, आणि जाताना आपली आठवणही घेऊन गेलं. आतल्यांच्या डोक्यातून ते पुसलं गेलं. बाहेरच्या म्हातारीला ते अजून आठवत होतं.

"काय खुळ्यासारखं," तो स्वतःशी म्हणाला. पण मन वैरी असतं, ते मोजायचं थांबेना. आता पाच झाले. पुन्हा काठोकाठ.

त्यानं वाद घालून पाहिला. बाळाला बघायला बायका आल्या, चहा पिऊन गेल्या, तेव्हा कुणी कमी झालं नाही. मग त्याचं उत्तर त्यालाच सुचलं. हौदावर पाणी प्यायला चिमणी येते, म्हणून मासे कमी होत नाहीत. जो त्या पाण्यात राहतो तोच मोजला जातो. ज्याची चूल इथं पेटते तोच मोजला जात असणार.

सखूची मावशी बाळंतपणाला मदत म्हणून जालन्याहून वळकटी घेऊन आली, तर त्यानं तिला आत राहू दिलं नाही. खात्यातल्या गणेशच्या घरी नेऊन तिची सोय केली. सखू महिनाभर फणफणली. "दीक्षा घेतली आन् माणसं तोडायला शिकलात व्हय?" ती म्हणाली. काय सांगणार? देव पाण्यात सोडणाऱ्यानं आता घराला भ्यायचं? अख्खी चिक्कडपल्ली हसली असती. सगळ्यात आधी तोच स्वतःला हसला असता.

घर सोडावं तर दुसरं देणार कोण? पुन्हा आडनावापासून सुरुवात.

झोपताना तो सरोजचं मनगट मुठीत धरून झोपायला लागला. "बाबा, हात दुखतो," ती म्हणायची. तो मूठ सैल करायचा, सोडायचा मात्र नाही. आई गेली तर तो रडला असता, स्वतः गेला असता तर त्याची तयारी होती. पण ही पोर जायची आणि आपल्याला रडूसुद्धा यायचं नाही, हे त्याला सहन होत नव्हतं.

मग उन्हाळ्यात हुकूम आला. मराठवाड्याच्या वाटणीत त्याची बदली औरंगाबादेला. देवरावानं तो कागद कपाळाला लावला आणि मग ओशाळून खिशात घातला.

५

निघायच्या दिवशी त्यानं सगळं नीट आखलं होतं. गणेशनं सकाळीच रिक्षा आणल्या. सामान आणि केसरबाई त्याच्याबरोबर काचीगुडा स्टेशनवर पुढं गेली. जाताना केसरबाईनं त्या लांब चपला आपल्या गाठोड्यात बांधल्या. "टाकवत न्हाईत रं," ती म्हणाली. तिकिटं आदल्या दिवशीच काढून ठेवली होती, तीन अख्खी आणि एक अर्धं.

नवे भाडेकरी आपण गेल्यावर येतील असं ठरलं होतं. पण देवराव कुलूप शोधतोय तोच दारात रिक्षा थांबली. कर्नूलचे नरसिंहम, सचिवालयातले कारकून, आणि त्यांची बायको. तिचे केस अजून ओले होते, हातात हळदीकुंकू लावलेलं पितळी पातेलं आणि दुधाचा तांब्या. नव्या घरात शिरताना पहिल्यांदा चुलीवर दूध उतू घालवायचं ही त्यांची रीत.

"मुहूर्त जा रहा साब," नरसिंहम अजीजीनं म्हणाले. "पंडितजी अब्बीच का बोले. बस दूध उबालना है."

"या की आत!" आतून सखूचा आवाज आला. "चुलीत इस्तू हाय अजून."

दोघं आत गेलीसुद्धा. यांचं दूध चुलीवर चढलं की ही दोघं इथली झाली. सखू, बाळ, सरोज. तीन. आणि ही दोन. पाच! त्यानं पायात बूट चढवले आणि उंबऱ्याबाहेर गल्लीत जाऊन उभा राहिला. आता बसतंय. मी बाहेर आहे तोवर बरोब्बर बसतंय.

"सखू, आटप लवकर! सरू, चल!"

"बाळ पितंय, थांबा जरा," सखू म्हणाली. सरोज परसातून ओरडली, "एकच मासा, बाबा! आलेच!" मुरब्ब्याची बरणी घेऊन ती आपला आवडता मासा धरायला गेली होती. उघड्या दारातून त्याला सरळ परसापर्यंत दिसत होतं. तारेची जाळी सरकवून ती हौदावर वाकली होती, वेणीचं टोक पाण्याला टेकलं होतं.

चुलीवर पातेलं चढलं. नरसिंहम दाराशी आले.

"बाहर कायको खडे साब? अंदर आवो. दूध लेके जावो."

"नको. इथंच बरा आहे."

नरसिंहमनी त्याच्याकडं पाहिलं. दाराच्या आत टांगलेल्या, अजून न काढलेल्या बुद्धाच्या तसबिरीकडं पाहिलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी समजल्याची कणव आली. ते जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "साब, हम लोगां वैसा कुच मानते नै. आवो, अंदर आवो."

भला माणूस होता. मनापासून बोलला. आणि देवरावाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याचा बाप जन्मभर लोकांच्या उंबऱ्याबाहेर हात जोडून उभा राहिला होता. वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्याला होता. पुन्हा कुणाच्या दाराबाहेर असा उभा राहणार नाही, ही शपथ देवरावानं नागपूरच्या आधी कितीतरी वर्षं घेतली होती. आणि आज, आपल्याच घराच्या दाराबाहेर, तो या माणसाला काय कारण सांगणार होता? की मोजतोय म्हणून?

मोजलेलं खरं मानायचं, हेच तर तो शिकला होता. पण त्या क्षणी त्याला ती शपथ तेवढी आठवली. बूट काढून, मान ताठ करून तो आत गेला.

दोन पावलं. तिसऱ्या पावलाला त्याची नजर परसात गेली. सरोज हौदाच्या काठावर तशीच वाकलेली होती. काठावर ती एकटी होती. पाण्यातल्या तिच्या प्रतिबिंबाशेजारी मात्र एक उंच पोरगा उभा होता, अनवाणी. त्यानं पाण्यातून हात वर केला होता. आणि सरोज, ओळखीच्या माणसाला द्यावा तसा, आपला हात खाली देत होती.

देवरावानं हाक मारायला तोंड उघडलं.

चुलीवर दूध फसफसून उतू गेलं. "गोविंदा, गोविंदा," म्हणत नरसिंहमच्या बायकोनं हात जोडले. निखाऱ्यावर दूध चरचरलं, जळका वास सुटला, आणि देवरावानं नकळत तिकडं मान वळवली.

त्यानं पुन्हा परसाकडं पाहिलं तेव्हा हौद होता. काठावर उन्हात मुरब्ब्याची बरणी होती आणि तिच्यात एक मासा फिरत होता. आपण इकडं कशाला पाहत होतो, ते त्याला आठवेना.

६

रिक्षा काचीगुड्याकडं निघाली आणि देवरावाला कितीतरी महिन्यांनी मोकळं वाटलं. आई, सखू, बाळ, मी. चौघं निघालो आणि चौघं सुखरूप बाहेर पडलो. उगाच भ्यालो. बरणी त्यानं मांडीवर धरली होती. औरंगाबादेतल्या विहिरींना मासे लागतीलच, म्हणून उचलली असावी. फक्त त्याची उजवी मूठ राहून राहून मिटत होती, पोकळच.

फाटकापाशी तिकीट तपासनिसानं तिकिटं उलटीसुलटी केली. "ये आधा किसका?"

देवरावानं सखूकडं पाहिलं. "तान्ह्या पोराला तिकीट लागत नाही, एवढं कळत न्हाई व्हय तुम्हाला?" ती म्हणाली. त्यालाही हसू आलं. तपासनिसानं अर्धं तिकीट त्याच्या हातात परत दिलं.

सामान चढवून गणेश कामावर परतला होता. केसरबाई डब्याच्या दारात उभी होती. खिडकीजवळच्या जागेवर तिनं चादर अंथरून ठेवली होती, आणि पदरात सोललेल्या भुईमुगाच्या शेंगांचे दाणे होते. तिनं देवरावाच्या मागं पाहिलं. मग सखूच्या मागं पाहिलं.

"सरू कुठंय रं?"

"कोण सरू?"

"सरू! सरोज! तुझी लेक!"

सखूनं बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "आत्याबाईंना ऊन लागलंय," ती काळजीनं म्हणाली. "आवं, पाणी आणा त्यांना."

"आई, बस बरं आत," देवराव म्हणाला. त्याला आईची फार दया आली. वय झालं. "आपल्याला एकच लेकरू हाय. हे बघ, सखूकडं."

केसरबाईनं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. तिनं त्याच्या हातातल्या अर्ध्या तिकिटाकडं पाहिलं, बरणीतल्या माशाकडं पाहिलं. तिच्या पदरातले दाणे फलाटावर सांडले. ओरडायला म्हणून उघडलेलं तिचं तोंड तसंच राहिलं, कारण तिची नजर आपल्या गाठोड्यावर जाऊन थांबली होती.

ती खाली बसली. तिनं गाठ सोडली आणि निळ्या दोऱ्यानं शिवलेल्या त्या लांब चपला काढून छातीशी धरल्या. गार्डाची शिटी झाली.

"लेकरा," ती म्हणाली, "मंग ह्या कुणाच्या होत्या रं?"